होम लोनच्या आधी सिबिल सुधारताय? या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलोय

मागच्या वर्षी इंदूरमध्ये निपानियाला एक टू बीएचके बघितला, बायकोला किचन आवडलं, मला बाल्कनीत येणारा वारा, आणि बिल्डर म्हणाला भिया दुसरी पार्टी उद्या येतेय, तर मी तिथल्या तिथे एक्कावन्न हजार बयाना देऊन मोकळा. तीन आठवड्यांनी बँकेतल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली, सिबिल स्कोअर ६४१. लोन नाही. बयान्यातून पंधरा हजार कापून बाकीचे परत मिळाले ते पण चार चकरा मारून. तर पहिली चूक हीच, बयाना आधी आणि क्रेडिट रिपोर्ट (आपल्या कर्जफेडीचा रेकॉर्ड) नंतर.

रिपोर्ट फुकट मिळतो हो. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, हा रेकॉर्ड ठेवणाऱ्या या चारही कंपन्यांनी, म्हणजे ब्युरोंनी, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. आणि आपला आपण बघितला तर स्कोअर कमी होत नाही, हे माझ्या सासऱ्यांना अजून पटत नाही पण खरंय.

आता बहुतेक लोक काय करतात, ३०० ते ९०० मधला तो एक आकडा बघतात, ७५० च्या वर असला तर खुश, खाली असला तर उदास, आणि फोन ठेवून देतात. आत जा ना. प्रत्येक लोनच्या खाली महिन्यांचे छोटे छोटे चौकोन असतात, छत्तीस महिन्यांपर्यंतचे. ००० म्हणजे वेळेवर भरलं, ०३० म्हणजे तीस दिवस उशीर, ०६० म्हणजे साठ. माझे सगळे चौकोन ठीक होते, बाईकचं लोन पण नीट फिटलेलं, आणि मग एका जुन्या क्रेडिट कार्डासमोर एकच शब्द, सेटल्ड.

हीच माझी सगळ्यात मोठी चूक. २०२० मध्ये पगार अर्धा झाला होता, कार्डाचे ३८ हजार थकले, रिकव्हरीवाल्याचा रोज फोन, शेवटी तो म्हणाला १५ भरा, विषय संपला. मी भरले, बँकेचं लेटर आलं, ते मी कपाटात एलआयसीच्या फाईलमध्ये जपून ठेवलं, नो ड्यूज (काही बाकी नाही असा दाखला) समजून! ते नो ड्यूज नव्हतंच. सेटल्ड म्हणजे बँकेनं तुमच्यापायी तोटा सोसला, आणि होम लोन देणारा वीस वर्षांसाठी पैसे देताना तेच आधी बघतो. सुधारायचं असेल तर त्याच बँकेत जाऊन बाकी रक्कम व्याजासकट किती होते ते लेखी मागा, थोडी घासाघीस होते, माझी लेट फी त्यांनी सोडली, मग पैसे बँकेच्या खात्यातच भरा (एजंटच्या यूपीआयवर अजिबात नाही) आणि नो ड्यूज हातात पडल्याशिवाय तिथून उठू नका. त्यानंतर ब्युरोत स्टेटस क्लोज्ड झालं का ते स्वतः बघा, माझं दोन महिने झालंच नव्हतं. मग ब्युरोच्या साईटवर डिस्प्यूट, म्हणजे तक्रार, टाकला, त्याला पैसे लागत नाहीत, तीस दिवसांत निकाल लावावा लागतो आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. रिपोर्टमध्ये दुसऱ्याचं लोन आपल्या नावावर चढलेलं दिसलं तरी हाच रस्ता.

नकार आल्यावर रागात मी अजून एक केलं, तीन दिवसांत चार ठिकाणी अर्ज. प्रत्येक अर्जाची एन्क्वायरी रिपोर्टमध्ये चढते, पुढच्या बँकेला वाटतं हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय. रेट विचारायला अर्ज लागत नाही, पॅन न देता नुसतं विचारा.

कार्डाचं पण सांगतो. "आता कार्डच नको" म्हणून सगळ्यात जुनं कार्ड बंद करू नका, जुना चांगला रेकॉर्ड तुमच्याच कामाचा असतो आणि लिमिट पण कमी होते. लिमिट ५० हजार आणि दर महिन्याला ४५ हजार वापरले तर पूर्ण बिल भरूनही ओढाताण दिसते, कारण ज्या तारखेचा आकडा ब्युरोकडे जातो त्या दिवशी ४५ हजार बाकी असतात. २०२५ पासून हा आकडा महिन्यातून निदान दोनदा जायला लागला, तर बिल बनायच्या आधीच थोडं थोडं भरत जा, लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत ठेवा. मिनिमम ड्यू भरून निवांत बसणाऱ्यांना काय बोलावं, वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज बसतं त्यावर.

मेहुण्याच्या लोनला गॅरंटर राहिला असाल तर ते पण रिपोर्टमध्ये बघा, हप्ता तो चुकवतो आणि डाग आपल्याला.

आणि ते खांबावरचे कागद, "सिबिल ७ दिन में ठीक". खरी नोंद कोणी पुसू शकत नाही, पैसे पण जातात आणि पॅन-ओटीपी पण.

एवढी कटकट कशाला म्हणाल तर हिशोब बघा, ४० लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्क्याला हप्ता ३४,७०० च्या आसपास, स्कोअर कमी म्हणून सव्वानऊ लावले तर ३६,६००. महिन्याला एकोणीसशे, वीस वर्षांत साडेचार लाखांच्या वर.

माझा आता ७३८ झालाय, बायकोचा ७८१, पण बँक दोघांचा बघते म्हणून अजून तीन महिने थांबतोय. तो निपानियाचा फ्लॅट गेला, ऑफिसला जाताना दिसतो, बाल्कनीत कोणाचे तरी कपडे वाळत असतात.