ऑनलाइन शाळा घेऊन सराव वाढवताय? या चुका टाळा

खेळात पुढे जाऊ पाहणाऱ्या मुलाची शाळा ऑनलाइन केली की सरावासाठी दिवसाचे सहा तास सुटतात, असा हिशोब मांडला जातो. पण अभ्यास कुठे जात नाही, तो फक्त घंटेच्या तालातून सुटतो. खरोखर हाती लागतो तो जाण्यायेण्याचा आणि मधल्या सुट्ट्यांचा वेळ.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे तो वेळही सरावात ओतणं. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागते. सुटलेला पहिला तास तिथे जायला हवा, मग मैदानाचं बघू. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की आठवड्याच्या सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त झाले, तर अतिताणाच्या गंभीर दुखापती जास्त आढळतात. चौदा वर्षांचा असेल तर चौदा तास. जलतरणवाले आणि जिम्नॅस्टिक्सवाले यावर हसतील, कारण त्यांचा हा आकडा कधीच मागे पडलेला असतो. तरी तो धोक्याचा दिवा समजा आणि तास वहीत मांडून ठेवा.

गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या उंचवट्यावर दुखतंय? उंची झपाट्यानं वाढत असताना (मुलींत साधारण बाराव्या, मुलांत चौदाव्या वर्षाच्या आसपास) तिथली वाढीची कूर्चा अजून कच्ची असते आणि मांडीचा स्नायू प्रत्येक उडीला तिला ओढत राहतो. ‘सहन कर’ हा इथला उपाय नव्हे. उड्या आणि धावणं कमी करा, डॉक्टरांना दाखवा. मुलीची पाळी तीन महिने आली नसेल तर ‘खेळाडूंचं असंच असतं’ म्हणून सोडू नका. सरावात खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने खाणं कमी पडत असण्याची शक्यता असते आणि त्याची किंमत हाडं मोजतात.

अभ्यास तुंबतो तो ‘रेकॉर्डिंग रात्री बघू’ या वाक्यापाशी. दोन सत्रं घाम गाळलेलं पोर रात्री व्हिडिओ लावतं, बघत नाही. गणित आणि विज्ञान थेट तासालाच बसून करायचं, तेही सकाळी किंवा दुपारच्या विश्रांतीनंतर. दोन आठवड्यांचं काम मागे पडलं, तर एक सराव सत्र कमी करा. झोपेतून तास चोरू नका.

शाळेची मान्यता तपासताना ‘पुढे कुठे चालेल?’ हेही विचारा. अमेरिकेतल्या कॉलेजकडून खेळायचा विचार असेल, तर एनसीएए या तिथल्या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या पहिल्या विभागासाठी (डिव्हिजन वन) १६ मूलभूत विषय-अभ्यासक्रम लागतात. ऑनलाइन केलेले विषय धरले जाण्यासाठी शिक्षकांशी नियमित संवाद आणि ठरावीक कालावधी असावा लागतो. नुसते व्हिडिओ संपवून भागत नाही. हे दहावीनंतर कळलं तर उशीर होतो.

सोबतीचं दुखणं लवकर दिसत नाही. दिवसभरात भेटणारी मोठी माणसं म्हणजे प्रशिक्षक आणि आईबाबा, आणि दोघांशीही बोलणं फक्त निकालांचं. खेळाशी संबंध नसलेला एखादा तरी मित्र आठवड्यातून भेटू द्या.

आणि नाव काढण्याआधी जुन्या शाळेत विचारून ठेवा, की सत्राच्या मध्ये परत यायचं झालं तर कोणत्या महिन्यापर्यंत घ्याल, कोणती कागदपत्रं लागतील. उत्तर लेखी घ्या. पहिल्या मोठ्या दुखापतीच्या आठवड्यात या चौकशीला कुणालाच डोकं नसतं.