जुनी ट्रक घाटात ओढेना झालीय? इंजिन खोलायच्या आधी या चुका टाळा

निपाणी सोडली की तवंदी घाट लागतो. भरलेली गाडी तिथं आधी ज्या गिअरात चढायची त्याच्या दोन गिअर खाली यायला लागलं, मागनं हॉर्न वाजायले, की मालकाला एकच वाटतं, इंजिन गेलं. गाडी सात-आठ लाख किलोमीटर पळालेली असली तर ड्रायव्हर पण तेच म्हणतो, मिस्त्री पण तेच म्हणतो आणि हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, खाली उतरतं. लाखाच्या वर खर्च करून गाडी परत त्याच घाटात तशीच रखडते, असं आपल्या भागात कितीतरी जणांचं झालंय, आणि हे टाळता येतं म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे पिकअप एकदम गेला का हळूहळू गेला, हे ड्रायव्हरला शांतपणे बसवून विचारा. रिंगा, लायनर, व्हॉल्व्ह झिजायला वेळ लागतो, त्यात गाडी ऑइल खायला लागते, सकाळी स्टार्टिंगला त्रास देते, दम महिन्या-महिन्यानं कमी होत जातो. परवापर्यंत नीट होती आणि आज ओढेना, असं असेल तर इंजिनच्या आतलं सगळ्यात शेवटी बघायचं, आधी हवा, डिझेल, सायलेन्सर आणि ब्रेक.

इंजिनचा दोष नसताना इंजिनला धरणं

ॲक्सिलेटर दाबला की आरपीएम चढतो पण स्पीड वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरायलीय, इंजिनला कशाला खोलताय. आरपीएमच चढत नसेल तर मग पुढचं बघा. ब्रेक जाम आहेत का ते बघायला सपाट रोडला पाच-दहा किलोमीटर ब्रेक शक्यतो न मारता चालवा, बाजूला थांबा आणि प्रत्येक ड्रमजवळ हात न्या, टेकवू नका, भाजेल. एखादाच ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथं ब्रेकचा लायनर सुटत नाहीय आणि इंजिनची ताकद त्यातच जायलीय.

जुन्या मेकॅनिकल डिझेल पंपाच्या गाडीत अजून एक फुकटची तपासणी आहे. एकानं पेडल पूर्ण दाबून धरायचं, दुसऱ्यानं पंपाचा लिव्हर फुल स्टॉपच्या बोल्टाला टेकतोय का बघायचं. लिंकेजचे बुश झिजलेले असतात, केबल ताणलेली असते, कधी पेडलखाली जाड मॅट घातलेली असते, आणि लिव्हर पूर्ण फिरतच नाही.

धूर न बघता पार्ट बदलणं

लोडवर काळा धूर म्हणजे डिझेल जायलंय पण हवा कमी पडायलीय. ओढत नाही आणि धूरही नाही, तर डिझेलच पुरत नाही असं समजा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम गाडीत पांढरा धूर राहिला तर नोझल, टायमिंग नाहीतर पाण्याची भानगड. पण बीएस6 गाडीत, म्हणजे एप्रिल 2020 नंतरच्या, काजळी डीपीएफमधेच, म्हणजे सायलेन्सरकडच्या काजळी गाळायच्या फिल्टरमधेच, अडकते, त्यामुळं मागं धूर दिसत नाही म्हणून सगळं बरोबर आहे असं धरू नका.

हवेचा रस्ता

एअर फिल्टर काढून कॉम्प्रेसरच्या हवेनं मारायचा आणि परत बसवायचा, ही सवय सगळीकडं आहे. त्यानं कागदाला बारीक भोकं पडतात, दिसत नाहीत, पण खानापूरकडची तांबडी धूळ आणि अथणीकडची काळी माती त्यातनं थेट आत जाते, टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची, पाती खाते, लायनर खाते. फिल्टरच्या घराजवळ इंडिकेटर असतो, तो लाल झाला की फिल्टर नवा टाका. उसाच्या हंगामात इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) आणि रेडिएटरच्या मधली फट पण बघा, पाचटाचा भुसा तिथं गादीसारखा बसतो, समोरनं बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते.

टर्बोपासनं इंटरकूलरला आणि तिथनं इंजिनला जाणारा जाड रबरी होज, यावर माझा सगळ्यात जास्त जोर आहे. तो बहुतेक वेळा खालच्या अंगाला किंवा क्लॅम्पच्या कडेला चिरतो. गाडी उभी असताना चीर मिटलेली असते, बोट फिरवलं तरी कळत नाही, लोडवर दाब आला की उघडते आणि हवा बाहेर जाते, फुस्स असा आवाज केबिनपर्यंत येतो पण रस्त्याच्या आवाजात ऐकू येत नाही. खूण एकच, चिरलेल्या जागेभोवती ऑइल आणि धुळीचा ओला काळा थर. होज काढून, हातानं वाकवून, बॅटरीच्या उजेडात आतनं-बाहेरनं बघा. गॅरेजला सोय असेल तर दोन्ही टोकं बंद करून बेतानं हवा भरून साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे सांगतात.

टर्बो बदलायची घाई पण नको. शाफ्ट बाजूला किंचित हलणं चालतं, पाती घराला घासली असतील किंवा शाफ्ट पुढं-मागं हलतोय असं हाताला कळलं तर टर्बो गेला. आणि तो का गेला हे न बघता नवा बसवला, ऑइलचा पाइप चोंदलेलाच राहिला, तर नवाही जातो.

डिझेलचं

डिझेल फिल्टर बदलून काम झालं असं समजू नका. गाडी सुटल्यावर वीस-तीस मिनिटं झकास पळते, मग दम सोडते, थोडा वेळ उभी केली की परत बरी होते, असं असेल तर टाकीचा हवेचा रस्ता बघा. तसा दम सोडल्यावर लगेच झाकण उघडा, हवा आत ओढल्याचा आवाज आला तर ब्रीदर चोंदलाय. टाकीत व्हॅक्यूम झालं की फीड पंप कितीही चांगला असो, डिझेल येत नाही. टाकीच्या तळातली जाळी पण अशीच त्रास देते, कचरा हळूहळू जाळीला चिकटतो आणि गाडी थांबली की खाली बसतो.

टाकीपासनं पंपापर्यंतच्या ओढणाऱ्या पाइपात गळती असली तर डिझेल बाहेर पडेलच असं नाही, हवा आत जाते, म्हणून बाहेरनं कोरडं दिसतं आणि सगळे फसतात. तिथं थोडा वेळ पारदर्शक पाइप जोडला की बुडबुडे दिसतात. मिस्त्रीला सांगून एका कॅनमधनं थेट डिझेल देऊन चालवून बघा, त्यावर नीट ओढली तर दोष टाकीकडं, पंप-नोझल खोलायचं कारण नाही. पावसात, विशेषतः खानापूर, लोंढा, अनमोड पट्ट्यात फिरणाऱ्या गाड्यांनी वॉटर सेपरेटरमधलं पाणी नियमानं काढायलाच पाहिजे.

आता जिवाची गोष्ट. जुन्या पंपाच्या गाडीत कुठला सिलिंडर मेलाय बघायला इंजिन चालू ठेवून नोझलच्या पाइपाचा नट सैल करायची पद्धत आहे. कॉमन रेल गाडीत, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतनं डिझेल देणाऱ्या गाडीत, ते कधीच करू नका. त्या पाइपात 1,600 बार आणि त्याच्याही वर दाब असतो, बारीक धार कातडीतनं आत शिरते, जखम टोचल्याएवढी दिसते पण हात जायची वेळ येते. तिथं इंजेक्टरचं रिटर्न मोजायचं, प्रत्येकाच्या रिटर्नला वेगळी बाटली जोडून, ज्याची बाटली सगळ्यात आधी भरते तो इंजेक्टर झिजलाय.

स्कॅनर आणि बीएस6

स्कॅनरवर आलेला दोषाचा कोड वाचायच्या आधीच खोडून टाकणं ही मोठी चूक, आधी मोबाइलवर फोटो काढा. रेल प्रेशर कमी असा कोड आला म्हणजे पंप गेला असं नाही, चोंदलेल्या फिल्टरनं पण तोच कोड येतो. ॲडब्लू, म्हणजे बीएस6 गाडीत धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं पाणी, संपलं किंवा भलतंच भरलं तर इंजिनचा कंट्रोलर स्वतःच ताकद कमी करतो. त्यात शुद्ध युरिया 32.5 टक्के असतो, खताच्या युरियाचं पाणी घालाल तर आत खडे धरतात आणि सगळी सिस्टिम बदलायची पाळी येते. साखर कारखान्याच्या गेटवर तासन्‌तास लाइनीत इंजिन चालू ठेवून उभ्या गाड्यांचा डीपीएफ लवकर भरतो, कारण एवढ्या कमी उष्णतेत काजळी जळत नाही. डीपीएफची लाइट लागली आणि रिजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळायचं काम, सुरू झालं तर अर्ध्यात बंद करू नका. सायलेन्सर चोंदलाय का ते बघताना एक्झॉस्ट ब्रेकचा फ्लॅप अर्धा बंद अडकलाय का तेही बघा, ते पाच मिनिटांचं काम आहे.

सगळं एकदम बदलू नका. एक काम करा, मग तोच लोड, तोच घाट, तोच गिअर घेऊन बघा, नाहीतर कशानं बरी झाली हे कळतच नाही.

एवढं करून कारण सापडलं नाही तरच इंजिनच्या आत. आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करा. इंजिन गरम करून, चालूच ठेवून, ऑइल भरायचं झाकण उलटं नुसतं ठेवा, जोरात वाफ येऊन झाकण उडायलं तर ब्लो-बाय, म्हणजे रिंगांच्या कडेनं खाली ऑइलकडं निसटणारा गॅस, जास्त आहे. मग कॉम्प्रेशन मोजा, आणि कमी निघालेल्या सिलिंडरमधे, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, हवा भरून ती कुठनं निघते ऐका. ऑइलच्या झाकणातनं आली तर रिंगा किंवा लायनर, रेडिएटरात बुडबुडे आले तर गॅस्केट नाहीतर हेडला चीर, एअर फिल्टरकडनं किंवा सायलेन्सरकडनं आली तर व्हॉल्व्ह. नुसत्या व्हॉल्व्हमधनं जात असेल तर हेडचं काम करून घ्या, खालचं पिस्टन-लायनर उघडायला देऊ नका.