सरांची शिट्टी ठेवा, तुराटी टाका

आमच्या गावात पोलीस भरतीची तयारी म्हणजे सर. पहाटे साडेचारला सायकल टेकवून ग्राउंडवर उभे, गळ्यात शिट्टी, हातात तुराटी. त्यांच्या हाताखालून गेलेले कितीतरी जण आज वर्दीत आहेत. मी नाही. त्याचं कारण खाली येईलच. आता त्याच ग्राउंडवर मी पोरं-पोरी पळवतो. सरांकडून काय घ्यायचं आणि काय सोडायचं, ते सांगतो.

आधी ग्राउंड मोजा. मोटरसायकलच्या मीटरवर भरवसा नको, फीता आणा. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पाय मुरगळतो. मुरमाची जागा बघा. एकमेकींपासून ३१.४ मीटरवर ५० मीटरच्या दोन सरळ रेषा आणि दोन्ही टोकांना रेषांच्या मधोमध खुंटी ठोकून १५.७ मीटर दोरीनं अर्धगोल, त्यावर फक्की मारा. रेषेपासून वीतभर बाहेरून पळालं की राउंड २०० मीटरचा भरतो. ही दोरीची रीत सरांचीच.

वेळेचं गणितही त्यांचंच. मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले तर २० पैकी २० गुण. मुलींना ८०० मीटरला २ मिनिटं ५० सेकंद. म्हणजे मुलांचा राउंड ३८-३९ सेकंदांचा, मुलींचा साडेबेचाळीसचा. बंद पडलेली आमची विदर्भातली शकुंतला रेल्वे ताशी वीसेक किलोमीटरनं जायची आणि ५:१० चा वेग साडेअठराच्या वर भरतो. सर म्हणायचे, "शकुंतलेच्या डब्याले हात लागला पाह्यजे."

पण हा वेग पहिल्या दिवशी मागू नका. आज ६ मिनिटं लागणाऱ्याचा राउंड ४५ चा पडतो. त्याला ४२ च्या चालीनं दोन राउंड द्या, मग अडीच मिनिटं नुसतं चालायला सांगा. असं सहा वेळा. सहावी खेप पहिलीइतकीच यावी. घसरली तर पोरगा आळशी नाही, तुम्ही वेळ चुकीची धरली. आठवड्यातून एकदा पुरे, फार तर दोनदा. बाकी दिवस बोलता येईल इतकं सावकाश पळायचं. सरांना हे सावकाश कधीच पटलं नाही. रोज छाती फुटेस्तोवर.

पाण्याचंही तसंच. "पाणी पेशीन त पोट धरून बसशीन," म्हणून माठाजवळ जाऊ देत नसत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. माठ ग्राउंडवरच ठेवा, तहान लागली की घोट घोट पिऊ द्या, सातच्या आत सगळं आटपा. कुणी पळता पळता असंबद्ध बोलू लागला, अंग भाजतंय, तर आधी सावलीत नेऊन अंगभर गार पाणी ओता. जवळ हौद असेल तर डोकं वर धरून त्यात बसवा. दुसऱ्याला १०८ लावायला सांगा, पण गाडीची वाट बघत ओतणं थांबवू नका.

आता नडगी. अंगठ्यानं दाबत खाली या. वीतभर भागात दुखत असेल तर पळणं कमी करा, जोडे बघा. बोटाएवढ्या एकाच जागी कळ निघत असेल आणि त्या पायावर उडी मारवत नसेल, तर त्याच दिवशी पळणं बंद आणि डॉक्टर गाठा. सुरुवातीला एक्स-रेत काही दिसत नाही, तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

माझी कळ बोटाएवढीच होती. सर म्हणाले, "हाडूक मोडलं काय बे? मंग पय!" तीन आठवडे पळालो. हाडाला चीर निघाली, भरती गेली. नंतर महिनाभर सर सायकलवर दूध घेऊन घरी येत. चुकलो, असं एकदाही म्हणाले नाहीत. मी दूध प्यायलो. राग अजून आहे आणि वेळापत्रकाची त्यांची वहीही मीच जपून ठेवली आहे.

भरतीच्या आठवड्यात पळणं निम्म्यावर आणा, नवे जोडे घालू नका, आदल्या दिवशी नुसते हात-पाय मोकळे करा. सर आदल्या संध्याकाळीही दहा राउंड मारायला लावत. ते मी बंद केलंय. त्यांना अजून सांगितलेलं नाही.