रिकाम्या खोलीचा वॉक-इन वॉर्डरोब करताय? आधी भिंत बघा, या चुका टाळा

मुलीचं लग्न झालं, तिची आठ बाय दहाची खोली रिकामी झाली, आणि ठाण्याच्या आमच्या घरात आम्ही तिथे वॉक-इन वॉर्डरोब करायला घेतला. प्लाय दुकानातून कापून आणला, जोडणी सगळी मी आणि नवऱ्याने रविवारी-रविवारी केली, एप्रिलअखेर काम संपलं. गणपतीच्या आधी गौरीसाठी म्हणून आईची पैठणी काढली तर वरच्या मलमलीवर करडे ठिपके, आणि आत पदराच्या घडीवर पांढुरकी बुरशी, कापड हाताला गार आणि दमट. कपाटाचा तो खण पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटून होता आणि जास्तीचा एक रॉड बसावा म्हणून आम्ही खिडकी प्लायने बंद केली होती. हे दुसऱ्या कुणाच्या घरात होऊ नये म्हणून लिहितेय.

मोठी चूक हीच, नेटवर फोटो बघून खिडकी बुजवायची. ते फोटो बहुतेक कोरड्या हवेच्या देशातले असतात, आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली, त्यात कोकणपट्टीत पाऊस पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून भिंतीवर झोडपतो. खिडकी ठेवाच, ऊन येत असेल तर जाड पडदा लावा कारण उन्हाने सिल्कचा रंग उडतो, पण हवा बंद करू नका.

भिंतीची टेस्ट सोपी आहे. दोन बाय दोन फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा, दोन दिवसांनी बघा. थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येतेय, खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतला दमटपणा आहे. हे पावसाळ्यात करायचं, एप्रिलमध्ये सगळ्याच भिंती कोरड्या निघतात, आम्ही तिथेच फसलो. आणि ओल भिंतीतून येत असेल तर आतून वॉटरप्रूफ पेंट मारून भागत नाही, मागून पाणी येतच राहतं आणि रंगाला फुगे धरतात, बाहेरच्या भेगा उन्हाळ्यात भरून घ्याव्या लागतात आणि त्यासाठी सोसायटीच्या मागे लागावंच लागतं. तोवर बाहेरच्या भिंतीला कपाट नकोच, तिथे आरसा स्टँडवर ठेवा, बसायला स्टूल ठेवा. दुसरा इलाजच नसेल तर फ्रेम दोन इंच पुढे घ्या आणि खालीवर हवेला वाट ठेवा.

आता माप. खोलीचं माप सगळे घेतात, कपड्यांचं कुणी घेत नाही. हँगर साधारण सतरा इंच रुंद, वर बाह्या बाहेर येतात, म्हणून कपाट दारापासून मागच्या फळीपर्यंत आतून बावीस इंच तरी खोल हवं, चोवीस उत्तम. शर्ट-कुर्त्यांना रॉडखाली चाळीस-बेचाळीस इंच पुरतात, म्हणून एकावर एक दोन रॉड बसतात, पण अनारकली आणि शेरवानीला साठ-पासष्ट इंच लागतात, ती जागा आधी काढून ठेवा. मधला रस्ता तीन फूट ठेवा. आठ फुटाच्या खोलीत दोन्हीकडे दोन-दोन फूट गेले तरी चार उरतात, पण सहा फुटी खोलीत दोन्हीकडे रॉडचा हट्ट धरू नका, एका बाजूला रॉड आणि समोर बारा इंची फळ्या, घडीच्या कपड्यांना तेवढ्या बास.

रॉड भिंतीतून उपटून येणं ही तक्रार तर घरोघरी. नवीन बिल्डिंगमध्ये आतल्या भिंती बऱ्याचदा एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या असतात, ड्रिल लोण्यासारखं आत जातं आणि पांढरी भुकटी पडते, त्यात स्क्रूची साधी गिट्टी (प्लग) धरतच नाही. भोकात काड्या, सिमेंट कोंबून परत स्क्रू मारला तर पुन्हा सुटतो. वजन जमिनीवर न्या, म्हणजे अठरा एमएमच्या प्लायचे उभे पार्टिशन आणि रॉड त्यांनाच, भिंतीला फक्त पुढे कलू नये म्हणून एल-क्लॅम्प. मायवान पद्धतीची बिल्डिंग असेल तर उलट, सगळ्या भिंती काँक्रीटच्या, हॅमर ड्रिलशिवाय भोक पडत नाही आणि अशा भिंतीत वायरसाठी झिरी पाडायच्या नाहीत. कुठलीही भिंत असो, स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, वायर बहुतेक तिथूनच गेलेली असते.

फळी वाकली तर? अडीच फुटाच्या वर मध्ये आधार हवाच. वाकलेली असेल तर उलटी करून बसवा आणि पुढच्या कडेला खालून दीड इंची लाकडी पट्टी स्क्रूने मारा, बराच फरक पडतो. खालची फळी मात्र जमिनीवर टेकवू नका. रोज फरशी पुसताना पाणी कडेला लागतं आणि प्लायचे थर सुटतात, पार्टिकल बोर्ड तर पावासारखा फुगतो. चार इंची पीव्हीसी लेग लावा, आणि निदान तळाला आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय वापरा.

दिवे छताच्या मधोमध नकोत, आपलीच सावली कपड्यांवर पडते. कपाटासमोर लावा, ४००० केल्विनचे, म्हणजे ना पिवळे ना निळसर, पिवळ्या उजेडात नेव्ही ब्लू आणि काळा एकच दिसतो आणि मॅचिंग ब्लाउज चुकतो.

साड्यांचं थोडं सविस्तर, कारण खरी किंमत तिथे आहे. जरीच्या जड साड्या हँगरला नकोत, सगळं वजन एका घडीवर येतं. सपाट ठेवा, एका चळतीत पाच-सहाच, मलमलीत गुंडाळून, दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून. डांबर गोळ्या जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते. खाली वर्तमानपत्र घालायची आपल्याला सवय, पण कागद पिवळा पडतो तसे डाग कापडावर उतरतात. खळ केलेल्या सुती साड्या खळ काढूनच आत ठेवा, कसरीला खळ आवडते. बुरशी दिसलीच तर घासू नका, पाणी लावू नका, गॅलरीत सावलीत मऊ ब्रशने झटका आणि सिल्क जाणणाऱ्या ड्रायक्लीनरकडे द्या. प्लाय व्हिनेगरच्या फडक्याने पुसून दोन-तीन दिवस पंख्याखाली सुकू द्या, मगच कपडे परत.

आमची पैठणी वाचली, पदराजवळ एक फिकट डाग राहिलाय. खिडकी उघडली, तो खण पूर्वेच्या आतल्या भिंतीला नेला आणि कपाटात आर्द्रतेचा छोटा मीटर ठेवला, आकडा ६० टक्क्यांच्या वर गेला की दारं उघडी टाकून पंखा लावते, जुलैमध्ये जवळजवळ रोजच.