गाडीच्या मीटरमधले जळालेले दिवे घरच्या घरी कसे बदलावेत

मीटरचा दिवा गेला म्हणून गाडी अडून राहत नाही, आणि नेमके म्हणूनच हे काम महिनोन्महिने मागे पडते. सोलापूरहून रात्री हैदराबादच्या दिशेने महामार्ग ६५ ला लागल्यावर वेगाचा काटा दिसत नसेल, तर अंदाजाने गाडी हाकण्यावाचून गत्यंतर नसते. त्याहून मोठा धोका ऑइल किंवा बॅटरीचा इशारा देणारा बल्ब जळालेला असण्यात आहे, कारण तो पेटला नाही म्हणजे सारे ठीक आहे असेच आपण धरून चालतो.

मारुती ८००, ओम्नी, जुनी इंडिका अशा गाड्यांच्या मीटरमध्ये मागच्या बाजूने फिरवून काढता येणारे बल्ब असतात आणि ते कोणालाही थोड्या सबुरीने बदलता येतात. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत मात्र सर्किटवरच डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेले बारीक एलईडी असतात. ते बदलायला डागकामाचा सराव लागतो, तेव्हा अशी गाडी मीटर दुरुस्त करणाऱ्याकडेच न्यावी. गाडी वॉरंटीत असेल तर मीटरला हात लावूच नये.

मीटर उघडण्याआधी नेमके काय बिघडले आहे ते ठरवावे. माझ्या मते निम्मे काम इथेच होते. पार्किंग लाइट लावून पाहा. मीटरचा एखादाच कोपरा अंधारात असेल तर बल्ब गेला आहे, पण संपूर्ण मीटर काळा असेल तर सगळे बल्ब एकाच वेळी जळाले असण्याची शक्यता फारच कमी असते. अशा वेळी प्रथम मीटरचा उजेड कमी-जास्त करणारी छोटी चकती पाहावी, कारण डॅशबोर्ड पुसताना फडक्याच्या ओढीने ती पुष्कळदा शेवटपर्यंत खाली फिरलेली असते. त्यानंतर मागचे लाल दिवे पाहावेत. मीटरचा उजेड बहुधा पार्किंग लाइटच्याच फ्यूजवर चालतो, त्यामुळे मागचे दिवेही बंद असतील तर दोष फ्यूजचा समजावा. फ्यूज बदलताना त्याच अँपिअरचा घालावा. पात्याच्या फ्यूजमध्ये लाल रंगाचा १० अँपिअरचा, निळा १५ चा आणि पिवळा २० चा असतो. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून वेळ मारून नेणे म्हणजे वायरिंग जाळण्याची तयारी करणे होय.

इशाऱ्याच्या दिव्यांची परीक्षा निराळी आहे. हँडब्रेक ओढून, इंजिन सुरू न करता किल्ली ‘ऑन’वर फिरवावी. ऑइल, बॅटरी आणि हँडब्रेक हे तिन्ही दिवे त्या वेळी पेटलेच पाहिजेत. जो पेटत नाही त्याचा बल्ब बहुधा जळालेला असतो. या स्थितीत मोबाइलवर मीटरचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे मागच्या बाजूने बल्ब शोधताना डावे-उजवे उलट झाल्याचा गोंधळ होत नाही.

आता प्रत्यक्ष काम. फुलीच्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर (टोकाला चुंबक असलेला मिळाल्यास उत्तम, कारण डॅशबोर्डच्या पोटात पडलेला स्क्रू सहजी हाती लागत नाही), दहाचा पाना, टोकाला कापड गुंडाळलेला चपटा स्क्रू ड्रायव्हर आणि स्क्रू ठेवायला वाटी एवढे साहित्य पुरते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळिशीपार असतो, तेव्हा दुपारी उन्हातल्या गाडीत हे काम काढू नये. वर्षानुवर्षे ऊन खाल्लेल्या प्लॅस्टिकच्या क्लिपा मुळातच कडक झालेल्या असतात आणि घामेजल्या हातांनी केलेल्या घाईत त्या पटकन तुटतात.

किल्ली काढून घ्यावी आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. स्टिअरिंग खाली झुकवता येत असेल तर झुकवावे. मीटरभोवतीच्या चौकटीचे स्क्रू वरच्या कडेच्या आतल्या बाजूला, खालून वाकून पाहिल्यावर दिसतात. ते काढून चौकट दोन्ही बाजूंनी सारखी, हळूहळू ओढावी. ती अडली तर जोर न लावता एखादा स्क्रू राहिला आहे का ते पाहावे. चौकट निघाल्यावर मीटरचे स्वतःचे स्क्रू काढून तो बोटभर पुढे घ्यावा. जुन्या गाडीत मागे स्पीडोमीटरची केबल असते. तिच्या टोकाची प्लॅस्टिकची जीभ दाबली की ती सुटते. कपलर (वायरींचा प्लॅस्टिकचा जोड) सोडवताना त्याची खिट्टी दाबून कपलरच धरून ओढावा, वायरी ओढू नयेत. काम करण्यासाठी स्टिअरिंगच काढावे लागत असेल आणि त्यात एअरबॅग असेल, तर तिथेच थांबून गाडी कार्यशाळेत न्यावी.

सुटा झालेला मीटर सोलापुरी टॉवेलवर काच खाली करून ठेवावा. समोरची काच उघडण्याची गरज नसते आणि काट्यांना स्पर्श करणे तर टाळावेच. मागच्या बाजूला तांब्याच्या रेषा असलेली पातळ लवचिक पट्टी दिसते. तिच्यावर खाच असलेले गोल होल्डर पाव वळण डावीकडे फिरवले की बाहेर येतात. पट्टी सुरकुतली किंवा तिची रेष तुटली तर नवा बल्बही पेटणार नाही, म्हणून नखाने खरवडू नये. जळालेल्या बल्बची काच बहुधा काळवंडलेली असते किंवा आतली तार तुटलेली दिसते. सूक्ष्म तुटलेली तार डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा शंका असल्यास शेजारचा चालू बल्ब त्या जागी लावून पाहावा.

जुना बल्ब होल्डरसकट ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात नेणे उत्तम. आकार आणि वॅट दोन्ही जुळले पाहिजेत: १२ व्होल्टचा १.२ वॅटचा बल्ब साधारण ०.१ अँपिअर ओढतो, तर ५ वॅटचा त्याच्या चौपट. जास्त उजेडाच्या मोहाने मोठा बल्ब घातल्यास होल्डर वितळतो आणि मीटरची तबकडी पिवळी पडते. बल्बवर हिरवी किंवा निळी रबरी टोपी असेल तर ती नव्या बल्बवर चढवावी. एकाच वयाचे बाकीचे बल्बही जाण्याच्या मार्गावर असतात, म्हणून उजेडाचे सगळेच बल्ब एकदम बदलावेत.

एलईडी घालायचा असल्यास तो एकाच दिशेने पेटतो. पेटला नाही तर अर्धे वळण फिरवून बसवावा. फार पांढरा एलईडी रात्री डोळ्यांत खुपतो. बॅटरीच्या इशाऱ्याच्या जागी मात्र एलईडी घालू नये. अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला) चार्जिंग सुरू करण्यासाठी लागणारा पहिला करंट याच बल्बमधून जातो. एलईडीतून तो पुरेसा जात नाही आणि बल्ब जळालेला असतानाही तीच अडचण येते. बॅटरी वरचेवर उतरत असेल आणि किल्ली फिरवल्यावर हा दिवा पेटत नसेल, तर नवी बॅटरी घेण्याआधी हा बल्ब तपासावा.

मीटर स्क्रूने घट्ट बसवण्यापूर्वी केबल आणि सगळे कपलर जोडावेत आणि त्यानंतरच बॅटरीची तार लावून चाचणी घ्यावी. कपलर सुटे असताना किल्ली ‘ऑन’ केल्यास काही गाड्यांत एअरबॅगचा दिवा कायमचा पेटून राहतो. पार्किंग लाइट आणि इशाऱ्याचे दिवे पुन्हा तपासावेत, इंजिन सुरू केल्यावर ऑइल आणि बॅटरीचे दिवे विझतात ना ते पाहावे, आणि मगच चौकट बसवावी. शेवटी गल्लीत गाडी फिरवून वेगाचा काटा हलतो की नाही हे पाहावे. तो शून्यावरच राहिला तर केबल पुरती बसलेली नाही.