सोल्यांका: आंबट सगळ्यात शेवटी

सोल्यांकाची कुठलीही पाककृती काढा, त्यात एक वाक्य हमखास सापडतं: ‘सगळं साहित्य पातेल्यात घालून अर्धा तास उकळा.’ हे वाचलं की माझं डोकं फिरतं. असं केल्यावर जे तयार होतं ते सूप नव्हे, गरम पाण्यात पडलेलं लोणचं असतं.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सोल्यांका हे मूळचं रशियन सूप: मांस, खारवलेल्या काकड्या, टोमॅटो, आणि वर आंबट साय. पूर्व जर्मनी सोव्हिएत छायेत होती त्या काळात, म्हणजे 1949 ते 1990 मध्ये, ते तिथे इतकं मुरलं की आज तिथली माणसं त्याला आपलंच समजतात. मित्रोपा या कंपनीच्या रेल्वे डायनिंग कारपासून कारखान्याच्या कँटीनपर्यंत सगळीकडे ते मिळायचं. रशियन सोल्यांकात ऑलिव्ह आणि केपर असतात. पूर्व जर्मनीत ते सहज मिळणारे नव्हते. मिळायचं ते याग्टवुर्स्ट नावाचं जाडसर सॉसेज, हंगेरीहून येणारी लेचो (ढोबळी मिरची आणि टोमॅटोची बरणीतली भाजी), आणि बरणीतल्या काकड्या. शिवाय फ्रीजमध्ये उरलेलं काहीबाही. मला विचाराल तर ही गरिबाघरची आवृत्तीच जास्त चवदार आहे. मी लाइपझिगला राहतो, आणि थंडी पडली की आमच्याकडे महिन्यातून दोनदा तरी सोल्यांका होते.

काय घ्यायचं

चार-पाच जणांसाठी सांगतो. मांस सगळं मिळून 600 ग्रॅम, आणि ते किमान तीन प्रकारचं हवं. मी 300 ग्रॅम याग्टवुर्स्ट, 200 ग्रॅम कासलर (धुरी दिलेलं खारं डुकराचं मांस) आणि 100 ग्रॅम कडक सलामी घेतो. एकच एक सॉसेज घातलं तर सूप सपक लागतं. एक मऊ, एक धुराच्या वासाचं आणि एक चरबीचं, असं हवं. तीन मोठे कांदे. दोन लाल ढोबळ्या मिरच्या किंवा लेचोची एक बरणी. टोमॅटो पेस्ट तीन मोठे चमचे. लसूण दोन पाकळ्या. लाल गोडी पाप्रिका पूड एक मोठा चमचा. लोरबेरची पानं दोन, मिरी, आणि मिळाले तर पिमेंटचे (ऑलस्पाइसचे) चार दाणे. स्टॉक एक लिटर. काकड्या पाच-सहा, साधारण 200 ग्रॅम, आणि त्यांच्या बरणीतलं पाणी. हे पाणी ओतून देऊ नका, सगळी गंमत त्यातच आहे. वरून घालायला आंबट साय, लिंबू आणि शेपू.

या पानाबद्दल एक. जर्मनीत ‘लोरबेर’ म्हणून जे पान मिळतं ते आपलं तमालपत्र नाही. झाड वेगळं, वास वेगळा. आपल्या तमालपत्राला दालचिनीची झाक असते आणि या सूपात ती खटकते. लोरबेर नसेल तर पान घालूच नका, काही बिघडत नाही.

पुण्या-मुंबईत करत असाल तर चिकन फ्रँकफर्टर, स्मोक्ड हॅम आणि सलामी हे त्रिकूट चालतं. डुक्कर खात नसाल तर सगळं चिकनचं घ्या, फक्त एक तरी प्रकार स्मोक्ड असू द्या. गोव्याची चोरीस मात्र यात घालू नका. मला चोरीस जीव की प्राण आहे, म्हणूनच सांगतो: तिच्यात स्वतःचं व्हिनेगर, स्वतःची मिरची, स्वतःचा मसाला असतो. पातेल्यात गेली की पाच मिनिटांत सगळा कारभार ताब्यात घेते. ती पावाबरोबर खा.

काकडी कोणती

बरणी घेताना मागचं लेबल वाचा. जर्मन दुकानात दोन जाती असतात. एक गेव्युर्त्सगुर्कन: व्हिनेगर, साखर, मीठ, मोहरीचे दाणे आणि शेपू यांच्या पाण्यातल्या. दुसऱ्या झाल्त्सगुर्कन: नुसत्या मिठाच्या पाण्यात आंबवलेल्या, पाणी गढूळ, व्हिनेगर नाही. बर्लिनच्या आग्नेयेला ल्युबेनाऊच्या आसपास श्प्रेवाल्ड म्हणून कालव्यांचा प्रदेश आहे, तिथल्या काकड्यांना 1999 पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. त्या घ्याव्यात असं कुणीही सांगेल, मीही सांगतो, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपण कोणती जात घेतली हे माहीत असणं. पहिलीचं पाणी तिखट आंबट आणि जरा गोड असतं. दुसरीचं आंबट मऊ असतं, पण मीठ भरमसाट. दोन्ही चालतात, पण प्रमाण एक नाही.

भारतात गर्किन नावाने बरण्या मिळतात. कर्नाटकात ही छोटी काकडी परदेशी पाठवायला पिकवतात, तेव्हा तिचं काही अप्रूप वाटायला नको. फक्त बर्गरसाठीच्या गोड चकत्या घेऊ नका. आणि ‘कैरीचं लोणचं चालेल का?’ असं विचारणाऱ्यांना उत्तर: नाही.

आंबटाच्या आधीपर्यंत

मांस बोटाच्या पेरापेक्षा बारीक पट्ट्यांत कापा. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेलावर ते दोन-तीन वाटण्या करून परता, कडा तांबूस झाल्या की काढून ठेवा. एकदम सगळं ओतलं तर त्याला पाणी सुटतं आणि ते परतलं न जाता वाफवलं जातं.

त्याच चरबीत कांदा. मंद आचेवर, दहा-बारा मिनिटं, मऊ आणि सोनेरी. मग ढोबळी मिरची, आणखी सात-आठ मिनिटं.

टोमॅटो पेस्ट मध्ये जागा करून थेट बुडावर घाला आणि परता. लाल रंग विटकरी होऊन कडेने तेल सुटायला लागलं की झालं. आपल्याकडे मसाला परतताना जी खूण बघतो तीच. कच्ची पेस्ट पाण्यात कालवली तर सूपला डब्याची चव येते. लसूण घाला. मग गॅस बंद करून पाप्रिका. पाप्रिका तापलेल्या तेलात दहा सेकंदांत करपते आणि कडू होते.

स्टॉक, पानं, मिरी, पिमेंट, मांस. झाकण ठेवून वीस मिनिटं मंद आचेवर. मीठ घालू नका. अजिबात नाही.

आता खरी गोष्ट

माझी पहिली सोल्यांका मी ऑफिसात घेऊन गेलो होतो. प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा होता, आणि भारतीय माणूस सोल्यांका आणतोय म्हटल्यावर सगळ्यांना उत्सुकता होती. मी पाककृतीत लिहिल्याप्रमाणे कांद्याबरोबरच काकड्या घातल्या आणि बरणीतलं पाणी सगळंच्या सगळं ओतलं. चव घेतली तर दात आंबले. साखर घातली. मग ते आंबट-गोड झालं, चिंचेच्या चटणीसारखं. पाणी घातलं. पातळ झालं, पण खारट होतंच. पेस्ट घातली, ती स्वतःच आंबट. रात्री साडेअकराला माझ्याकडे आठ लिटर सूप होतं, कांदा अजून दाताखाली कचकचत होता, आणि काकड्यांचा लगदा झाला होता. दुसऱ्या दिवशी एक सहकारी विचारपूर्वक म्हणाला, ‘इंटरेस्टिंग.’ जर्मन माणूस जेवणाला ‘इंटरेस्टिंग’ म्हणतो तेव्हा काय समजायचं ते समजा.

चूक काय होती ते मला बऱ्याच दिवसांनी, आमटी करताना कळलं. आपल्या प्रत्येक घरात सांगतात: डाळ शिजल्याशिवाय आमसूल घालू नकोस, डाळ शिजायची नाही. कारण तेच. भाज्यांच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात सहजासहजी सुटत नाही. आंबट आधी पडलं की कांदा, मिरची, बटाटा तासभर उकळूनही टणक राहतो. आमसुलाच्या बाबतीत मी हे लहानपणापासून पाळत होतो, आणि काकडी दिसली की विसरलो. परदेशी पदार्थ करताना आपण आपलं शहाणपण दारात ठेवून आत जातो, ते असं.

तेव्हा पहिला नियम: कांदा आणि मिरची बोटांत सहज चिरडली जाईपर्यंत काकडी आणि तिचं पाणी पातेल्याजवळही नेऊ नका. सूपात बटाटा घालणारे लोक आहेत. मी घालत नाही, पण घालणार असाल तर वेगळा उकडून घाला.

दुसरा नियम: काकड्या शेवटच्या दहा मिनिटांत. लांबट पट्ट्या करायच्या, मांसाच्या जाडीच्या. दहा मिनिटांत त्या गरम होतात, आंबटपणा थोडा सूपात सोडतात आणि थोडा स्वतःकडे ठेवतात. चावताना तो आंबट ठिपका लागला पाहिजे. जास्त उकळल्यात तर तो ठिपका सगळ्या सूपात पसरतो आणि तोंडात नुसती मऊ साल येते.

तिसरा नियम, आणि इथे मी हट्टी आहे: बरणीतलं पाणी पळीने घालायचं, ओतायचं नाही. आधी चार मोठे चमचे. ढवळा, दोन मिनिटं थांबा, मग चव घ्या. लगेच घेतलेली चव खोटी असते, कारण काकड्यांचं आंबट अजून बाहेर येत असतं. मग एकेक चमचा वाढवा. गेव्युर्त्सगुर्कनचं पाणी मला एकूण आठ-नऊ चमचे लागतं. झाल्त्सगुर्कनचं पाचाच्या पुढे गेलं तर मीठ हाताबाहेर जातं, मग उरलेला आंबटपणा लिंबाने आणतो. लक्षात घ्या, पातेल्यात आंबट आधीच आहे: टोमॅटो पेस्टमध्ये आहे, आणि लेचो बरणीतली असेल तर तिच्यातही बऱ्याचदा व्हिनेगर असतं. आणि मीठ सॉसेजमध्ये, स्टॉकमध्ये, काकडीत, पाण्यात, चार ठिकाणाहून येतं. म्हणून मिठाचा डबा अगदी शेवटी उघडायचा. मला गेल्या कित्येक वेळांत तो उघडावाच लागलेला नाही.

थांबायचं कुठे? पहिल्या घोटाला मांस आणि पाप्रिका लागली पाहिजे, आणि गिळल्यावर जिभेच्या कडांना आंबट. आंबट आधी आलं तर जास्त झालं. अशा वेळी साखर घालू नका. बिनमिठाचं गरम पाणी किंवा साधा स्टॉक घाला आणि दोन मुठी सॉसेज परतून वाढवा. अर्धा चमचा साखर फक्त तेव्हाच, जेव्हा काकड्या झाल्त्सगुर्कन आहेत आणि चव जरा टोकदार लागते आहे. केचप घालणारेही आहेत, आणि पूर्व जर्मनीत खुद्द तिथली माणसं घालतात. घालू द्या.

साय

आंबट साय पातेल्यात घालू नका. इथे ‘झाउरे झाने’ म्हणून मिळते ती जेमतेम 10 टक्के स्निग्धांशाची. उकळत्या, आंबट सूपात पडली की कढी फुटते तशी फुटते आणि वर पांढरे कण तरंगतात. श्मांड नावाची दुसरी आंबट साय जास्त स्निग्ध असल्याने टिकते, तरी माझं मत तेच: साय वाडग्यात. सूप वाढायचं, वर एक मोठा चमचा साय, त्यावर लिंबाची पातळ गोल चकती, त्यावर शेपू. भारतात दाट चक्का चमचाभर दुधात फेटून घेतलात तरी काम भागतं, पण सूप वाढून मिनिटभर थांबून मग घाला.

शेपूचं नाव घेताच नाक मुरडणारे आपल्यात खूप. त्यांना एवढंच सांगतो की बरणीतल्या काकडीला जो वास येतो तो शेपूचाच असतो, आणि तो तुम्ही आत्तापर्यंत मजेत खात आला आहात. अगदीच नको असेल तर पार्सली घाला. कोथिंबीर नको.

दुसऱ्या दिवशी

सोल्यांका मुद्दाम जास्त करा, कारण दुसऱ्या दिवशी ती चांगली लागते. फक्त रात्रभरात काकड्या आणखी आंबट सोडतात, म्हणून उरवायची असेल तर पहिल्या दिवशी पाण्याचे दोन चमचे कमीच घाला. गरम करताना उकळी फुटू देऊ नका. पातळ करावीशी वाटली तर स्टॉकने करा, बरणीतल्या पाण्याने नाही. साय न घातलेली सोल्यांका फ्रीझरमध्ये महिनाभर राहते. काकड्या जरा मऊ पडतात, म्हणून मी बाहेर काढल्यावर बरणीतली एक नवी काकडी कापून टाकतो.

बरोबर टोस्ट किंवा साधा पाव. भात नको, मी करून बघितला आहे.