क्रूझवरची टिप आणि जादा पैशांच्या सोयी: या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्ट्यांत नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगरची कुटुंबं आता मुंबईहून किंवा थेट सिंगापूरला जाऊन क्रूझ करतात. एजंटनं 'सगळं त्यातच आलं' असं सांगितलेलं असतं. मग शेवटच्या रात्री खोलीचं बिल हातात पडतं आणि घरातल्या घरात वाद सुरू होतो: हे कोणी घेतलं, ते कशाला घेतलं. यातले जवळजवळ सगळे खर्च आधी कळण्यासारखे असतात. बुकिंगच्या वेळी विचारायचं मात्र राहून जातं.

सगळ्यात मोठी गफलत ग्रॅच्युइटीची, म्हणजे जहाजावरच्या टिपची. आपल्याकडे हॉटेलात जेवण झालं की बडीशेपेच्या ताटलीत दहा-वीस रुपये ठेवायचे, ही टिप. क्रूझवर टिप माणशी, दररोज, आपोआप बिलात चढते. मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर साध्या खोलीला हा आकडा दिवसाला साधारण 16 ते 20 डॉलर असतो, स्वीटला, म्हणजे मोठ्या महागड्या खोलीला, त्याहून जास्त. लेकरांचीही बहुतेक ठिकाणी मोठ्यांइतकीच लागते. चौघांचं कुटुंब, चार रात्री आणि 18 डॉलरचा दर धरा: 288 डॉलर, म्हणजे पंचवीस हजारांच्या आसपास. ही रक्कम तिकिटाबरोबर आधी भरता येते, आणि तसंच करावं. एजंटला तोंडी विचारू नका. 'ग्रॅच्युइटी, पोर्ट चार्जेस आणि टॅक्स धरून किती?' हे लिहून मागा, व्हॉट्सअॅपवर का होईना. रीजंट, सिल्व्हरसीसारख्या महागड्या कंपन्या ग्रॅच्युइटी तिकिटातच धरतात. तिथे हा प्रश्नच येत नाही.

बिल पाहून काहीजण चिडतात आणि गेस्ट सर्व्हिसेसच्या खिडकीवर जाऊन ग्रॅच्युइटी काढून टाकायला लावतात. अनेक कंपन्या ती कमीही करून देतात. माझं स्पष्ट मत आहे, हे करू नका. खोली आवरणारा स्टुअर्ड, टेबलावरचा वेटर, त्याचा मदतनीस, आत भांडी घासणारे, ही माणसं महिनोन्‌महिने जहाजावर असतात, आठवड्याची सुट्टी नाही, दिवसाला दहा-दहा तास काम. त्यांच्या कमाईचा मोठा भाग या पैशांतून येतो. त्यांत गोव्याची, कोकणातली पोरं असतात. आपल्या संभाजीनगरात हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली पोरंही याच नोकऱ्यांना जातात. सेवा खरंच वाईट असेल तर दुसऱ्याच दिवशी हेड वेटरला किंवा गेस्ट सर्व्हिसेसला सांगा. तेव्हा ती सुधारता येते. शेवटच्या दिवशी पैसे कापले तर ज्याचा दोष नाही त्याच्याही वाट्याचे जातात.

याच्या उलटी चूक म्हणजे एकाच गोष्टीची दोनदा टिप. बारमध्ये लेकराला एक मॉकटेल घेतलं की सहीसाठी पावती येते. ती नीट वाचा. वर पेयाची किंमत, त्याखाली 18 ते 20 टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला, आणि अगदी खाली आणखी टिप लिहायला एक मोकळी ओळ. ती भरलीच पाहिजे असं वाटून आपली माणसं तिथे तीन-चार डॉलर लिहून मोकळी होतात. ती ओळ ऐच्छिक आहे. आडवी रेघ मारा आणि सही करा. स्पामध्येही अनेकदा असंच असतं. कुणी खास जीव लावून काम केलं असेल, आजीला रोज हात धरून टेबलापर्यंत नेलं असेल, तर शेवटच्या रात्री त्याच्या हातात पाच-दहा डॉलरची नोट द्या. त्यासाठी सुट्ट्या नोटा घरूनच न्या.

ड्रिंक पॅकेजबद्दल, म्हणजे एकदाच ठरावीक पैसे भरून पेयं घेण्याच्या सोयीबद्दल, दोन गोष्टी. पहिली, दारूचं पॅकेज एकानं घेतलं तर त्याच खोलीतल्या सगळ्या प्रौढांनी घ्यायचं, असा अनेक कंपन्यांचा नियम आहे. नवरा पिणारा आणि बायको न पिणारी असेल तर हिशोब सहसा बसत नाही. त्यापेक्षा सुटे पेग स्वस्त पडतात. दुसरी, पॅकेजच्या दरावरही सर्व्हिस चार्ज चढतो. घ्यायचंच असेल तर घरूनच कंपनीच्या अॅपवर घ्या. जहाजावर दर बहुधा जास्त असतो.

बुफे, मुख्य जेवणघर, तिथला साधा चहा-कॉफी, शो, स्विमिंग पूल हे तिकिटात येतं. स्पेशालिटी रेस्टॉरंट (मुख्य जेवणघराखेरीजचं खास हॉटेल), वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली, फोटो आणि दवाखाना यांचे पैसे वेगळे. दवाखान्याचं बिल फार मोठं होऊ शकतं, म्हणून ज्येष्ठांचा प्रवास विमा टाळू नका. शाकाहारी किंवा जैन जेवण जादा पैशांशिवाय मिळतं, मात्र बुकिंगलाच नोंदवा. काही जहाजांवर खोलीत पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या असतात आणि गळ्यात किमतीचं लेबल असतं. फोडली की बिलात. बुफेतलं पाणी फुकट असतं आणि पिण्यालायकही. टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढलेल्या आपल्या लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही, पण खुशाल प्या.

कार्डाचं आधीच बघा. जहाजावर चढताना खर्चापोटी कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड दिलंत तर तुमचेच पैसे काही दिवस अडकतात, म्हणून क्रेडिट कार्ड द्या. भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार बंद असू शकतात. बँकेच्या अॅपमधून ते निघण्यापूर्वी सुरू करा, समुद्रात ओटीपी येईलच असं नाही. फोन फ्लाइट मोडवर ठेवा. जहाजाचं उपग्रह नेटवर्क आपोआप पकडलं गेलं तर रोमिंगचं बिल जिव्हारी लागतं.

आणि बिल चुकलंय असं वाटलं तर? रोज रात्री अॅपवर किंवा खोलीतल्या टीव्हीवर खातं तपासा, पावत्या एका पाकिटात ठेवा. न घेतलेली वस्तू दिसली तर त्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसला जा. उतरण्याच्या सकाळी तिथे लांबच लांब रांग असते. उतरल्यावर चूक लक्षात आली तर पावतीच्या फोटोसह कंपनीला ईमेल करा. त्यांनी दाद दिली नाही, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे त्या व्यवहाराची लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. बँकांची यासाठी मुदत असते, म्हणून घरी पोचल्यावर बॅगा रिकाम्या होण्याआधी हे काम उरका.